हिरवा दिवा लागलेला होता, नोंद मात्र एकही पोहोचत नव्हती

बाबांना पेसमेकर बसवला तेव्हा हॉस्पिटलने सोबत एक छोटं पांढरं यंत्र दिलं. पलंगाशेजारी ठेवायचं, प्लग कायम चालू ठेवायचा, बाकी काही करायचं नाही. रात्री बाबा झोपले की ते पेसमेकरमधल्या नोंदी बिनतारी वाचून घेतं आणि आतल्या सिमवरून पुढे पाठवतं. सकाळी त्या क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर दिसतात. आमचं अडायचं ते दुसऱ्या टप्प्यावर. घर टेकडीच्या पोटाशी, भिंती दगडी, बाबांच्या खोलीतून फोनवर बोलायचं तर उठून अंगणात यावं लागतं. यंत्रावरचा पिवळा दिवा आठवड्यातून चार-चार दिवस लुकलुकत राहायचा. म्हणजे नोंद घेतली, पण पाठवता आली नाही.

वैतागून मी पेशंटच्या नातेवाइकांच्या एका ग्रुपवर मदत मागितली आणि सोबत यंत्राचा फोटो टाकला. फोटोत मागचं लेबल, मॉडेल आणि सिरीयल नंबर स्पष्ट वाचता येत होते. दुसऱ्याच दिवशी फोन आला. बोलणाऱ्याने यंत्राचं मॉडेल सांगितलं, सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे सांगितले, आणि "तुमच्याकडून डेटा येत नाहीये, आमच्या सेवा विभागाला दिसतंय," असं म्हणाला. मला वाटलं, कंपनीचाच माणूस. आकडे त्याने माझ्याच फोटोवरून वाचले होते, हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही.

दोन दिवसांनी तो घरी आला. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग, बोलणं अतिशय अदबीचं. बाबांच्या पाया पडला. बॅगेतून एक काळा डबा काढला, वर दोन जाड अँटेना. हा "मेडिकल बूस्टर" आहे, हॉस्पिटलच्या उपकरणांसाठी राखीव असलेल्या लाइनवर तुमचं यंत्र टाकतो, असं त्याने सांगितलं. डब्याचे पैसे एकदाच, लाइनचे दरवर्षी. मग स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला, नेटवर्कची एक काडी. डबा प्लगला लावला, हिरवा दिवा लागला, त्याने फोनवर दोनदा बोट फिरवलं आणि काड्या चार झाल्या. भावाला दाखवायला म्हणून मी हे सगळं माझ्या फोनवर शूट करत होतो. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दोन वर्षांचे पैसे एकदम दिले.

जाताना तो म्हणाला, "जुन्या नोंदणीवरून संपर्क तुटल्याचे मेसेज काही दिवस येत राहतील. सिस्टीम अपडेट होतेय, तिकडे लक्ष देऊ नका. यंत्राचा पिवळा दिवाही बघू नका, आता फक्त आपला हिरवा दिवा बघायचा." पैसे गेले त्याचं मला इतकं वाटत नाही, जितकं या वाक्याचं वाटतं. क्लिनिकने त्यानंतर तीन मेसेज पाठवले. तिन्ही मी वाचले आणि तिन्ही सोडून दिले.

साडेतीन महिन्यांनी नेहमीच्या तपासणीला गेलो. सिस्टरने स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेवटची नोंद आल्याची तारीख होती ती डबा बसवण्याच्या सहा दिवस आधीची. त्यानंतर काहीच नाही. डॉक्टरांनी पेसमेकर तिथल्या तिथे तपासला तेव्हा आतल्या नोंदींत दिसलं, की हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय मधल्या काळात दोनदा बिघडली होती, एकदा तर कित्येक तास. बाबांना काहीच जाणवलं नव्हतं. अशा वेळी हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारं औषध लगेच सुरू केलं. ते औषध तीन महिने आधी सुरू होऊ शकलं असतं. पेसमेकर स्वतःचं काम करतच होता, यंत्राचा संपर्क तुटला म्हणून तो थांबत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला.

घरी येऊन डबा उघडला. मागचे चार स्क्रू काढले. आत मोबाइलच्या चार्जरसारखी एक छोटी पट्टी, तिला जोडलेला हिरवा दिवा, आणि डबा जड लागावा म्हणून गोंदाने चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. अँटेना पोकळ प्लास्टिकच्या, नुसत्या पेच मारून बसवलेल्या. एकीलाही आतून तार नव्हती. मग तो व्हिडिओ परत लावला, हळू करून पाहिला. एक काडी होती तेव्हा फोनच्या कोपऱ्यात एका नेटवर्कचं नाव होतं, चार काड्या झाल्या तेव्हा दुसऱ्याचं. दोन सिमचा फोन होता. त्याने माझ्या डोळ्यांदेखत सिम बदललं होतं आणि मी काड्या मोजत बसलो होतो.

नंतर क्लिनिकच्या तंत्रज्ञ बाईंनी बराच वेळ देऊन मला हे सगळं समजावून सांगितलं. पहिलं म्हणजे काड्यांना काही ठरलेलं माप नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीखाली, सिमच्या स्थितीत तो सापडतो. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीत उणे ८५ म्हणजे छान, उणे ११५ च्या पुढे रडकथा. आणि दर १० आकड्यांना ताकद दहापट बदलते, त्यामुळे उणे १०० आणि उणे १२० यांत शंभरपटीचा फरक असतो. दुसरं, यंत्रातलं सिम कुठल्या नेटवर्कवर चालणार हे यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या करारावर ठरतं. म्हणून माझ्या फोनला किंवा शेजाऱ्याच्या फोनला काय येतं याचा काही उपयोग नाही. त्याच नेटवर्कचं सिम टाकून मोजावं लागतं. बाहेरचा माणूस येऊन त्या सिमला वेगळी "लाइन" देऊ शकत नाही.

खरे बूस्टर असतात, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण त्यात एक अँटेना घराबाहेर उंचावर, जिथे थोडा का होईना सिग्नल आहे तिथे लावावी लागते. तिथून केबल, मग अ‍ॅम्प्लिफायर, मग खोलीतली दुसरी अँटेना. बाहेर काहीच येत नसेल तर वाढवणार काय? शिवाय यंत्राचा आवाज टॉवरपर्यंत उलटही पोहोचवावा लागतो. दोन अँटेना फार जवळ आल्या तर माइक स्पीकरजवळ नेल्यावर जशी शिट्टी वाजते तसं होतं, आणि त्याचा त्रास टॉवरवरच्या बाकीच्या सगळ्यांना होतो. म्हणूनच कितीतरी देशांत परवानगीशिवाय असं उपकरण लावणं बेकायदा आहे. पलंगाशेजारी ठेवलेला, बाहेर एकही केबल न गेलेला डबा हे यातलं काहीच करू शकत नाही. एवढं मला आधी कळलं असतं तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

कधी दोष जागेचा नसून यंत्राच्या वयाचा असतो. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, तेव्हा थ्रीजीवर चालणारी जुनी उपकरणं संपर्काबाहेर जाण्याची वेळ आली. तिथे बूस्टर खरा असला तरी काय करणार?

आमच्या घरी त्यांनी त्याच नेटवर्कचं सिम टाकून खोली-खोलीत मोजायला सांगितलं. बाबांची खोली उणे १२१, माजघर ११६, मागची खिडकीची खोली १०४. यंत्र पलंगापासून दोन-तीन मीटरच्या आत लागतं, नाहीतर ते पेसमेकरचंच ऐकू शकत नाही. म्हणून यंत्राबरोबर पलंगही हलवला. बाबा दोन दिवस कुरकुरले. त्या आठवड्यात पाच रात्रींच्या नोंदी क्लिनिकला पोहोचल्या. आणि मग बाईंनी सहज विचारलं, "घरात वायरचं ब्रॉडबँड आहे का?" होतं. चार वर्षांपासून होतं. आमच्या मॉडेलला ब्रॉडबँडवर जोडणारा अ‍ॅडॉप्टर कंपनी देते. क्लिनिकने अर्ज केला आणि तो घरपोच आला, वर एक पैसा द्यावा लागला नाही. मी क्लिनिकला साधा फोन करून आधी विचारलं असतं तर एवढ्यात काम झालं असतं.

आता मी कुठलाच दिवा बघत नाही. दर सोमवारी क्लिनिकला एक मेसेज करतो: शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे? उत्तर तारखेत येतं. "सगळं ठीक" असं उत्तर आलं तर परत तारीख विचारतो.

पोलिसांकडे तक्रार दिली आहे, डबा आणि व्हिडिओ दोन्ही त्यांच्याकडे आहेत. त्या माणसाचा नंबर बंद आहे. पावतीवरच्या पत्त्यावर तसं कुठलंच ऑफिस नाही. ग्रुपवरचा माझा फोटो मी काढून टाकला.

काल त्याच ग्रुपवर एका ताईंनी नवऱ्याच्या सीपॅप यंत्राचा, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणाऱ्या यंत्राचा, फोटो टाकला. झोपेतल्या नोंदी डॉक्टरांपर्यंत जात नाहीत, सिग्नल नाही, कोणी मदत करेल का? लेबल, सिरीयल नंबर, सगळं वाचता येत होतं. मी लगेच फोटो ग्रुपवरून काढून टाकायला सांगितला. तोवर त्यांना फोन येऊन गेला होता. सेवा विभागातून. माणूस उद्या अकराला येणार होता. त्यांना सगळं सांगितलं, आणि रात्रीच हे लिहायला बसलो.