समितीला की पाडायला? सीमाभागातल्या मतदाराचा हिशेब

निवडणूक लागली की बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या कट्ट्यावर जुनाच वाद नव्याने पेटतो. एक म्हणतो, "मत समितीलाच," म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला. दुसरा म्हणतो, "आणि निवडून कोण येणार? अमक्याला पाडायचं असेल तर तमक्याला दे." दोघंही आपला मतदारसंघ कोणता, हे विसरून बोलतात. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

बेळगाव दक्षिण घ्या. २०२३ मध्ये भाजपचे अभय पाटील ७७ हजारांवर आणि समितीचे रमाकांत कोंडुसकर ६४ हजारांवर होते. काँग्रेस बरीच मागे. म्हणजे इथे ज्याला भाजप नको, त्याच्यासाठी समितीचं मत हीच निष्ठा आणि हाच डावपेच. फुकट गेलं असेल तर ते काँग्रेसचं मत.

बेळगाव ग्रामीणमध्ये गणित उलटं. तेव्हा काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकरांना लाखावर मतं, भाजप ५१ हजारांवर, समिती ४१ हजारांवर. खालच्या दोघांची बेरीज केली तरी त्या पुढेच. अशा ठिकाणी "पाडायला" म्हणून मत फिरवण्यात अर्थ नाही. मनात आहे त्याला द्या, काही बिघडत नाही.

डोकं खरं चालवावं लागतं ते निपाणीत. २०२३ ला भाजपच्या शशिकला जोल्ले ७३ हजारांवर जिंकल्या. राष्ट्रवादीचे उत्तम पाटील ६६ हजारांवर, काँग्रेसचे काकासाहेब पाटील ४४ हजारांवर. सत्ताधारी नको म्हणणारी मतं लाखाच्या वर होती, पण दोन पिशव्यांत. तिसऱ्याच्या चार मतदारांतल्या एकाने जरी दुसऱ्याला हात दिला असता तरी निकाल फिरला असता. पण दुसरा कोण ठरेल, हे मतदानाआधी सांगायचं कुणी? गावागावांतला प्रत्येक कार्यकर्ता "आपलाच दोन नंबरला" म्हणतो.

२०२१ ची लोकसभा पोटनिवडणूक दोन्ही बाजूंचे लोक दाखला म्हणून देतात. समितीच्या शुभम शेळकेंना १ लाख १७ हजारांवर मतं पडली आणि भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसपेक्षा अवघ्या पाच हजारांच्या आसपास फरकाने निवडून आल्या. एक म्हणतो, बघा, मतं वाया. दुसरा म्हणतो, बघा, दोन्ही पक्षांना घाम फुटला. मला दुसरं पटतं. ती मतं समितीला नसती तर कुठे गेली असती, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. शिवाय आकडा नोंदीवर राहतो. पाडायला दिलेल्या मताचा मराठी आकडा कुठेच दिसत नाही.

आता निष्ठेच्या मताची दुखरी बाजू. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमदार कुठल्याही पक्षाचा असो, तो निकाल त्याच्या हातात नाही. मात्र मराठीतली कागदपत्रं आणि पाट्या यांसाठी सुवर्ण विधानसौधात (बेळगावातल्या कर्नाटक विधानभवनात) उठून बोलायला माणूस लागतो. २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही. २०१८ ला तर समितीचेच दोन गट एकमेकांसमोर उभे ठाकले. तेव्हा निष्ठा कुणाच्या पदरात टाकायची, हाच प्रश्न होता.

आणि निशाणी! समितीचा उमेदवार कागदोपत्री अपक्ष, त्यामुळे दर वेळी चिन्ह नवं. आमच्या गल्लीतली एक आजी केंद्रावर जाताना दारातच विचारते, "यंदा निशाणी कुठली रे?" कमळ आणि हात तिला पाठ आहेत, आपल्या माणसाचं चिन्ह मात्र चिठ्ठीवर बघून लक्षात ठेवावं लागतं.

नोटाबद्दल, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" या बटणाबद्दल, एवढंच: नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे, तोच आमदार. राग व्यक्त होतो, बाकी काही नाही.

मग ठरवायचं कसं? गेल्या वेळचे केंद्रनिहाय आकडे "फॉर्म २०" मध्ये असतात, निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. आपल्या मतदारसंघात पहिल्या आणि दुसऱ्यात फरक किती, आणि तिसऱ्याकडे त्याहून जास्त मतं आहेत का, एवढं बघा. नसतील तर कट्ट्यावरच्या डावपेचवाल्याला चहा पाजा आणि तुमच्या मनातलं बटण दाबा.