पर्समधली विजेरी: तीन वर्षांच्या रोजच्या वापरानंतर

कोथरूडमधल्या आमच्या चार मजली इमारतीला लिफ्ट नाही, जिन्यावरचे सगळे दिवे एकाच फेजवर आहेत आणि सोसायटीची चिटणीस या नात्याने पंप, टाकी आणि मीटरची खोली यांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. असे असूनही २०२२ च्या पावसाळ्यापर्यंत मी मोबाईलच्या उजेडावरच भागवत होते. त्या जूनमध्ये एका रात्री गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक अडकला आणि पाणी भिंतीवरून खाली वाहू लागले. भर पावसात एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने मोबाईल धरून मी वर उभी होते, पण टाकीत घालायला हातच उरला नव्हता, आणि ओला झालेला मोबाईल बोटांतून निसटायला लागला होता. त्याच आठवड्यात मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले आणि आज जिच्याबद्दल लिहीत आहे ती विजेरी घेऊन आले.

ती अंगठ्यापेक्षा किंचित जाड आणि साडेनऊ सेंटिमीटर लांब आहे, आणि सेलसकट तिचे वजन साठ-पासष्ट ग्रॅम भरते. ॲल्युमिनियमची काळी नळी, बाजूला एकच बटण, मागे फिरकीचे झाकण आणि दोन्ही दिशांनी अडकवता येणारी क्लिप एवढाच तिचा संसार आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीच्या विजेऱ्या अनेक कंपन्या करतात आणि मला सांगायचे आहे ते या घडणीबद्दल आहे. सेल धरून मला तेव्हा बावीसशे रुपये पडले. विजेरीसाठी ही रक्कम घरात सगळ्यांना जास्त वाटली होती, आणि मलाही वाटली होती.

तीन वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे की रोज जवळ बाळगायच्या विजेरीची पारख तिच्या सर्वांत मंद उजेडावरून करावी. दुकानात मात्र नेमके याच्या उलट घडते. दुकानदार विजेरी हातात देतो तीच सर्वांत प्रखर पायरीवर लावून, आणि भर दुपारी समोरच्या दुकानाच्या पाटीवर पडलेला झोत पाहून आपण खूश होतो. माझ्या विजेरीच्या खोक्यावर ६५० लुमेन (लुमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचे माप) हा आकडा मोठ्या टायपात छापला होता, आणि अर्ध्या लुमेनची मंद पायरी मागच्या बाजूला तक्त्याच्या शेवटच्या ओळीत होती. प्रत्यक्षात मी रोज वापरते ती हीच शेवटची ओळ.

माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांची झोप अतिशय सावध आहे. रात्री दोन-अडीचच्या सुमाराला त्यांना एक गोळी द्यावी लागते. पूर्वी मी खोलीतला दिवा लावत असे. मग त्यांचे डोळे दिपत, त्या पूर्ण जाग्या होत आणि पुन्हा झोप लागेपर्यंत पहाट होई. मोबाईलचा दिवाही या कामाला फार प्रखर पडतो, शिवाय गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी पत्र्यावर तो असा चमकतो की त्यावरची बारीक अक्षरे दिसेनाशी होतात. आता मी विजेरी मंद पायरीवर लावते, तिचे तोंड तळहाताने अर्धे झाकते, आणि बोटांच्या फटीतून येणाऱ्या तांबूस उजेडात पाकिटावरचे नाव आणि तारीख वाचते. पाकीट थोडे तिरके धरले की पत्रा चमकत नाही. गोळी घेऊन त्या कुशीवर वळतात आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत त्यांचा श्वास संथ झालेला ऐकू येतो. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका प्रखर झोताने तो सराव क्षणात मोडतो. अर्ध्या लुमेनच्या उजेडात तो बराचसा टिकतो, म्हणूनच परत माझ्या खोलीकडे जाताना मला भिंत चाचपावी लागत नाही.

लुमेनच्या आकड्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही याचे आणखी एक कारण डोळ्यांच्याच रचनेत आहे. उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटायला तो प्रत्यक्षात साधारण चौपट व्हावा लागतो, त्यामुळे ४५० आणि ६५० लुमेनच्या विजेऱ्या शेजारी धरल्या तरी फरक जेमतेम जाणवतो. त्यातही माझ्या विजेरीची ६५० लुमेनची पायरी मिनिटभरच टिकते. एवढ्याशा नळीला ती उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून आतले सर्किट उजेड आपोआप उतरवते. हा दोष मानू नये. तसे झाले नाही तर विजेरी हातात धरवणार नाही आणि सेलही खराब होईल. खोक्यावर छापलेला वेळ वाचताना मात्र ही गोष्ट ग्राहकाच्या लक्षात येत नाही. २००९ मध्ये आलेल्या एफएल-१ या अमेरिकी मानकानुसार विजेरी लावल्यानंतर तीस सेकंदांनी मोजलेला उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ हा तिचा चालण्याचा वेळ धरला जातो. म्हणजे ‘दीड तास’ लिहिले असेल तर दीड तास ६५० लुमेन असा त्याचा अर्थ होत नाही. त्याच मानकात झोताचे अंतर मोजतात ते उजेड पाव लक्स (लक्स हे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) उरेपर्यंत, म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा होईपर्यंत. शंभर मीटर लिहिलेल्या विजेरीने शंभर मीटरवरचा माणूस चांदण्यात दिसतो तितपतच दिसेल, हे लक्षात ठेवून खोके वाचले तर फसगत होत नाही.

आता सेलबद्दल, कारण ही घडण निवडण्याचे खरे कारण तेच आहे. आपल्याकडे विजेरीलाच बॅटरी म्हणतात आणि आत घालतो त्याला सेल, आणि ही बोली मला इंग्रजीपेक्षा सोयीची वाटते. या विजेरीत १४५०० मापाचा, परत चार्ज होणारा लिथियम-आयन सेल बसतो. १४ मिलिमीटर व्यास आणि ५० मिलिमीटर लांबी असा त्या आकड्याचा अर्थ आहे, आणि हे माप म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात जातो त्या पेन्सिल सेलचेच माप. विजेरीचे सर्किट दोन्ही सेलांवर चालते. पेन्सिल सेलवर तिचा प्रखरपणा बराच उतरतो, पण मंद आणि मधल्या पायऱ्या जवळपास तशाच राहतात. मागच्या वर्षी जुलैत संध्याकाळी गेलेली वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली, मोबाईल झोपले, आणि विजेरीचा सेलही मी आळसाने महिनाभर चार्ज केलेला नव्हता. तेव्हा दिवाणखान्यातल्या घड्याळातला सेल काढून मी विजेरीत घातला आणि रात्र निभावली. घड्याळ सव्वानऊला थांबले होते, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले.

उलटी अदलाबदल मात्र कधीही करू नये. पेन्सिल सेलचा दाब दीड व्होल्टचा असतो, लिथियम सेलचा सरासरी ३.७ आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. दिसायला दोन्ही जुळ्या भावंडांसारखे असल्याने घरातल्या कोणीतरी लिथियम सेल रिमोटमध्ये, खेळण्यात किंवा घड्याळात घालण्याची शक्यता असते आणि त्यात ते उपकरण जळू शकते. मी आमच्या सेलांना लाल चिकटपट्टीचा वेढा दिला आहे आणि ते वेगळ्या डबीत ठेवते. साध्या अल्कलाईन सेलचीही एक खोड सांगितली पाहिजे. ते नुसते पडून राहिले की पाझरतात. आमच्या घरातली आधीची विजेरी अशीच गेली: दिवाळीला कपाटातून काढली तेव्हा आत पांढरी भुकटी साचली होती आणि सेल नळीला असा चिकटला होता की उलथन्याने ठोकूनही निघाला नाही. म्हणून अडीअडचणीला घातलेला पेन्सिल सेल काम झाले की मी लगेच काढून घेते.

उजेडाच्या रंगाचा मुद्दा मी विकत घेताना अजिबात विचारात घेतला नव्हता. तो माझ्या लक्षात आणून दिला आमच्या वायरमनने. मीटरच्या खोलीतला एक जुना जोड जळाला होता, खोलीत काळोख होता, आणि तो आपल्या निळसर पांढऱ्या उजेडाच्या स्वस्त विजेरीने तारा पाहत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “काकू, तुमची बॅटरी इकडं मारा जरा, माझ्या बॅटरीत लाल अन् तपकिरी एकच दिसायलंय.” मी माझी लावली तेव्हा लाल, पिवळी, निळी, काळी आणि हिरवी अशी प्रत्येक तार आपापल्या रंगात उठून दिसली. रंग किती खरे दिसतात हे सीआरआय या आकड्याने मोजतात आणि तो जास्तीत जास्त १०० असतो. स्वस्त विजेऱ्यांत तो बहुधा ७० च्या आसपास असतो, माझ्या विजेरीत ९० च्या वर आहे आणि उजेडाची छटा ५००० केल्विनची, म्हणजे भर दिवसाच्या उन्हाजवळची. असा एलईडी त्याच विजेवर थोडे कमी लुमेन देतो, पण टाकीतले पाणी गंजामुळे तांबूस झाले आहे की सावलीमुळे काळसर दिसते आहे, हे त्या थोड्या कमी उजेडातच नीट कळते. सासूबाईंच्या हातावरचा लालसर चट्टा वाढला की उतरला हेही मी रात्री याच उजेडात पाहिले आहे.

सिंहगडावर आम्ही चार मैत्रिणी महिन्यातून एकदा आतकरवाडीच्या पायवाटेने पहाटे अंधारात चढायला सुरुवात करतो. तिथे साठ लुमेनच्या आसपासची मधली पायरी पुरेशी होते. टोपीच्या कडेला क्लिप उलटी अडकवली की दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाऊल टाकायच्या जागेवरच उजेड पडतो. आपल्या भागात घोणस आणि मण्यार दोन्ही आहेत, तेव्हा पावसाळ्यात विजेरीविना गवतातून चालणे हा अविचार आहे. पण आषाढातल्या दाट धुक्यात टोपीवरची विजेरी काढून हातात घ्यावी आणि गुडघ्याच्या उंचीवर धरावी, हे मी दोनदा ठेचकाळल्यानंतर शिकले. डोळ्यांजवळून निघालेला झोत धुक्याच्या थेंबांवरून थेट डोळ्यांतच परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. खालून धरला की दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि वाटेचा चढउतार स्पष्ट होतो.

पाण्याबद्दल फारशी तक्रार नाही. खोक्यावर आयपीएक्स८, म्हणजे पाण्यात बुडाली तरी चालते असे मानांकन आहे, मी ती दोनदा टाकीत पाडली आहे आणि दोन्ही वेळा ती पेटलेली वर काढली. झाकणाच्या आट्यांवरची रबरी रिंग मात्र दर सहा महिन्यांनी पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावावे लागते. जादा रिंगा खोक्यात दोनच येतात.

खरा दोष बटणाचा आहे. ते नळीच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर आलेले आहे आणि पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्याने दाबले जाते. पहिल्याच महिन्यात लक्ष्मी रोडवर मला पर्समधून उबट वास आला. उघडून पाहिले तर विजेरी पूर्ण प्रखर पायरीवर पेटलेली होती, तिच्या तोंडाला कापडी अस्तर चिकटले होते आणि त्यावर रुपयाएवढा तपकिरी डाग पडला होता. विजेरी हाताला चटका बसण्याइतकी तापली होती. दुकानदाराकडे गेले तेव्हा त्याने ‘सगळ्यांच्याच अशा पेटतात’ असे सांगून विषय संपवला. खरे तर त्यावरचा उपाय सोपा आहे आणि तो त्याने विकतानाच सांगायला हवा होता: मागचे झाकण पाव फेरा सैल केले की सर्किट तुटते आणि बटण कितीही दाबले तरी काही होत नाही. नळीच्या आट्यांवर वीज न वाहणारा लेप दिलेला असल्यामुळेच हे घडते, म्हणून घेताना दुकानातच झाकण सैल करून बटण दाबून पाहावे. विजेरी त्यानंतरही पेटत असेल तर ती घेऊ नये.

घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. सेल वेगळा विकत घेत असाल तर त्यावर छापलेल्या क्षमतेकडे संशयाने पाहा. १४५०० मापाचा चांगला सेल साधारण हजार मिलीअँपिअर-तासांच्या आगेमागे असतो, तेव्हा त्याच मापावर तीन हजार छापलेले दिसले तर सेल हातात घेण्याचीही गरज नाही. आणि विजेरी पुन्हा पेटवल्यावर ती शेवटची पायरी लक्षात ठेवते की नाही हे विचारा. माझी ठेवते, म्हणूनच आधी मंद पायरीवर बंद केलेली असली की रात्री सासूबाईंच्या खोलीत ती चुकूनही प्रखर लागत नाही.

मुलगी मागच्या महिन्यात शिकायला बंगळुरूला गेली तेव्हा तिच्यासाठी मी हीच विजेरी पुन्हा घेतली. विमानाने जाणार होती, म्हणून सुटा सेल सामानाच्या बॅगेत न टाकता प्लास्टिकच्या डबीत घालून हातातल्या पिशवीत ठेवायला सांगितले. निघायच्या आदल्या रात्री ओट्यापाशी उभे राहून तिच्याकडून दहा वेळा झाकण पाव फेरा सैल आणि घट्ट करून घेतले, आणि मग दिवे घालवून तिला मंद पायरीवर घड्याळातली वेळ वाचायला लावली.