आईचे दोन वृद्धाश्रम, सांगलीचा न साताऱ्याकडचा

आई आधी सांगलीतल्या एका आश्रमात अडीच महिने होती, आता साताऱ्याजवळ आहे, पैसे दोन्हीकडं जवळपास सारखेच.

सांगलीचं म्हणजे चकाचक टाइल्स, बाग, टीव्ही, आणि घरापासून १० मिनिटं, पण डायपर दिवसाला २च, एक सकाळी न एक रात्री, मधे ओला झाला तरी "संध्याकाळी बदलू की ताई". एकदा न सांगता दुपारी गेले तर गाऊन मागून पार भिजलेला, गादीच्या रेक्झिनवर ओल, आणि आईनं पाणी प्यायचंच बंद केलेलं, परत लघवी लागंल म्हणून! माकडहाडापाशी कातडी लाल, बोटानं दाबलं तरी लाली जाईना, म्हणजे बेडसोरची, पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. वर पाणी कमी प्यायलं की लघवीच्या इन्फेक्शनचा धोका वाढतो, पण हे तिथं सांगायचं कुणाला. (१४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, मला नंतर कळलं.)

साताऱ्याचं दिसायला अगदीच साधं, पत्र्याची शेड, जेवण आळणी. पण दिवसभर दर २ तासांनी मावशी उठवून संडासला नेतात, पलंगापाशीच कमोडची खुर्ची, डायपर फक्त रात्री, आणि ओलं झालं की धुऊन, टिपून, झिंकचं मलम लावून मगच दुसरा, वेळेचा कागद भिंतीला चिकटवलेला. रात्री मात्र २च मावशी, तेव्हा उशीर होतो, खोटं कशाला बोलू. मला जाऊन यायला अख्खा रविवार जातो.

लाली गेली. परवा आईनं स्वतःहून ताक मागितलं, तेही दुसरा ग्लास.