लालबागचा एक डंक: मसाला चोख, पाकीट नको

पाचपैकी चार तारे. काश्मिरी मिरची मात्र इथून घेऊ नका. रंगाला भुलाल, पण मोडून बघितली तर वातड लागते, पुरती वाळलेली नसते. बेडगी आणि संकेश्वरी डोळे मिटून घ्या. आणि कुटायला दुसरीकडे कुठे नेऊ नका.

लालबागच्या बाजारातल्या एका डंकाबद्दल, म्हणजे मिरची-मसाला विकणाऱ्या आणि यंत्राच्या मुसळांनी कुटून देणाऱ्या दुकानाबद्दल लिहितेय. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत, आणि दुकानाचे मालक, काका, माझ्या थोरल्या भावाच्या वर्गातले. ज्याच्या दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्या लटकतात, ते दुकान. पट्ट्या का, ते पुढे येईलच.

आत शिरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "काकी, मालवणी की घाटी?" इथल्या कापडगिरण्यांत अर्धी माणसं कोकणातली, अर्धी सातारा-कोल्हापूरकडची, त्यामुळे दुकानाला दोन्ही तोंडपाठ. मी मालवणी. किलोला अर्धी बेडगी, पाव संकेश्वरी, पाव काश्मिरी (ती दुसऱ्या दुकानातून), वर धणे जरा सढळ हाताने, मग बडीशेप, जिरं, खसखस, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, जायपत्री, हळकुंड, हिंग. अलीकडे आणखी एक प्रश्नही आलाय, कांदा-लसूण चालतो का. त्यावर नाकं मुरडणारे बरेच आहेत. मला त्यात काही वावगं वाटत नाही. गिऱ्हाईक आहे, त्याला हवं ते विचारायलाच हवं.

भाजायला दोन मावश्या आहेत. हात उत्तम, पण समोर उभं राहायचं. तुम्ही चहाला गेलात की धणे करपतात असं नाही, पण दगडफूल आणि नागकेशर एकाच कढईत टाकून त्या मोकळ्या होतात. खसखस शेवटी, मंद आचेवर, असं आधीच सांगून ठेवा. देठं खुडलेली मिरची थोडे जास्त पैसे घेऊन मिळते. ज्यांच्या बोटांची एकदा रात्रभर आग झालीय ते भाव करत बसत नाहीत.

मग डंक. लोखंडी मुसळं मोटरवर वर उचलली जातात आणि आपल्याच वजनाने उखळात पडतात. चक्कीत मसाला रगडला जातो, तापतो. इथे तो नुसता ठेचला जातो, म्हणून रंग आणि तेल टिकतं. वेळ भरपूर लागतो. चाळून वर राहिलेली भरड पुन्हा उखळात जायला हवी, तिथे पोरं घाई करतात. "बारीक चाळण लावा" म्हणून बजावा आणि नजर हलवू नका. बसायला बाकडं नाही. इतक्या वर्षांत एक बाकडं ठेवायला काय होतं, देव जाणे. एक तारा त्यासाठी कापलाय.

उभ्या उभ्या मग माणसं बोलतात. यंदा माझ्यापुढे बदलापूर होतं, मागे नालासोपारा, आणि भिंतीला टेकून पनवेलजवळच्या कोनहून आलेल्या एक काकू. गिरणी कामगारांच्या सोडतीत त्यांना तिथे घर लागलंय. म्हटलं, तिकडे मसाल्याची दुकानं नाहीत का? "आहेत की. पण तिथे मला कोण ओळखतं? चव कुणाला सांगू?" पाच-सात किलो कुटून नेणारं गिऱ्हाईक जवळजवळ सगळं असं लांबचं झालंय. डंक लालबागला आणि त्याची वस्ती कल्याण-विरारकडे. पलीकडच्या टॉवरमधून येते ती फोनवरची ऑर्डर: दोनशे ग्रॅम, घरपोच.

ही वस्ती का पांगली हे आमच्या पिढीला नव्याने सांगायला नको. माझे वडील साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवणारे होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या उन्हाळ्यात आमच्या मसाल्यात ना बेडगी होती ना काश्मिरी, नुसती लवंगी, कारण ती जहाल, चिमूटभर पुरते. रंग विटकरी आला होता. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, आणि मुंबईच्या 1991 च्या विकास नियमात त्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये बदल करून ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती ठेवली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ते टिकलं. आता गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असणार ती किती? सगळ्या शेडच शेड. म्हाडाचा वाटा आटला, बाकीच्यावर काय उभं राहिलं ते करी रोडच्या पुलावरून दिसतं.

मी त्यातल्या त्यात नशीबवान. चाळ पाडली आणि त्याच जागेवर घर मिळालं, रिहॅब विंगमध्ये, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या इमारतीत, अकरावा मजला. चाळीत मिरच्या गच्चीत वाळायच्या, जुन्या साड्यांवर, चार कोपऱ्यांना चार विटा ठेवून. राखणीला सुट्टी लागलेली पोरं. आता गच्चीची किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमनला कमिटीची चिठ्ठी लागते. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेवर, ऊन भरपूर, पण तो सेल विंगचा, घरं विकत घेणाऱ्यांचा. तिथे आम्हालाच मज्जाव, मिरच्यांची काय कथा. हे काकांनी बरोबर हेरलंय. दुकानामागच्या पत्र्यावर ते गिऱ्हाइकाची मिरची वाळवून देतात, दोन दिवस आधी नेऊन टाकायची. पैसे वेगळे, पण वाजवी. पूर्वी ही सोय नव्हती, कारण कुणाला तिची गरजच नव्हती. मग चाळच बरी होती का? मुळीच नाही. घरात संडास असणं म्हणजे काय, ते पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहिलेल्याला विचारा.

आता त्या पट्ट्या. समोरच्या टॉवरमधून ठसक्याची तक्रार गेली. खोकला, डोळ्यांची जळजळ, दिवसभर धडधड. तक्रार खोटी नाही. माझ्या सुनेला दमा आहे, एप्रिलभर ती बाजाराकडची खिडकी उघडत नाही. काकांनी दाराला पट्ट्या लावल्या, एक्झॉस्टची नळी इमारतीच्या वर नेली, संध्याकाळी सातला मोटर बंद. एवढं केल्यावर पुन्हा तक्रार आली. आता याहून अधिक मागायचं म्हणजे डंक उचला असंच म्हणायचं, आणि ते सरळ म्हणायची कुणाची तयारी नाही.

पाकिटाबद्दल. गिरणीची चिमणी छापलेलं, खिडकी असलेलं खाकी पाकीट काउंटरवर मांडलेलं असतं, किलोचा हिशेब केला तर आपल्या कुटून घेतलेल्या मसाल्याच्या दुपटीच्या जवळ जातं. मी एक घेतलं, सोलकढीसोबतच्या कोळंबीच्या रश्शाला वापरलं, आणि चव सपाट. विचारल्यावर काकांनी आढेवेढे घेतले नाहीत. "एवढ्याशाला डंक कोण लावतो? तो पल्व्हरायझरचा." म्हणजे वेगाने दळणाऱ्या यंत्राचा. मग पाकिटावर तसं लिहा की! चिमणी छापून लोकांना डंकाचा भास का करून देता? ज्यांना फरक माहीत नाही त्यांनाच ते विकलं जातं, हे मला खटकतं.

दुकानाची इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी कर भरणारी जुनी), पागडीची (आधी मोठी रक्कम देऊन भाड्याने धरलेली), आणि तिच्याही पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. काकांना तेवढ्याच मापाचा गाळा मिळेल म्हणतात, मागच्या बाजूला. गाळा मिळेल हो. पण डंकाला जमिनीत पक्का पाया लागतो. खाली दोन मजले पार्किंग असलेल्या स्लॅबवर मुसळं आपटू कोण देणार? बैठकीत क्षेत्रफळ, बांधकाम होईपर्यंतचं भाडं, कॉर्पस (बिल्डरने एकरकमी द्यायचे पैसे) यावर तासन्‌तास बोलतात, कांडपाचा विषय कुणी काढत नाही. मी काकांना म्हटलं, करारात लिहून घ्या, कांडप यंत्र चालवायची परवानगी आणि थ्री फेज वीज. ते म्हणाले, "पोरगा म्हणतो, नव्या गाळ्यात पाकिटंच ठेवू. त्रास नाही, तक्रार नाही."

म्हणून ज्यांना कुटून घ्यायचाय त्यांनी यंदाच जा. फास्टने येणाऱ्यांनी दादरला उतरून स्लो पकडायची, करी रोडला उतरायचं. गाडी आणू नका, लावायला जागा नाही. सकाळी नऊच्या आत पोचा, मे उजाडला की रांग रस्त्यावर येते. मिरचीला यूपीआय चालतं, डंकाची मजुरी आणि मावश्यांचे पैसे रोख. डबा घरून न्या, स्टीलचा. मसाला पुरता निवल्याशिवाय झाकण लावू नका, आणि वर हिंगाचा खडा ठेवायला विसरू नका.