क्लबचा रविवार की अर्धेलीचं शेत?

दिवाळीत लेस्टरला मावसबहिणीकडे फराळाला गेलो, तर दाजींनी चकलीच्या आधी जमिनीतला धातू शोधायचा मेटल डिटेक्टरच पुढे केला. नुकताच खोक्यातून काढलेला, कॉइलवरचं प्लॅस्टिकही तसंच. मशिन कोणतं घ्यावं यावर सहा महिने व्हिडिओ बघून झाले होते. ते फिरवायचं कुठे, हा प्रश्न मशिन दारात आल्यावर पडला. माझंही असंच झालं होतं. इंग्लंडात मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या रानात डिटेक्टर फिरवता येत नाही, आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत नुसता मालकाचा होकारही पुरत नाही. मग वाटा दोनच. डिटेक्टरवाल्यांच्या क्लबबरोबर रविवारी जायचं, नाहीतर एखादा शेतकरी गाठून स्वतःची ‘परमिशन’ मिळवायची. मी चार वर्षं पहिली वाट धरली, गेली तीन वर्षं दुसरी. माझं सांगणं एवढ्याच पुंजीवरचं आहे, तेव्हा थोडं हातचं राखून घ्या.

क्लबचं काम सोपं. पंधरा-वीस पौंड भरा, सकाळी नऊला गेटवर या. जमीन शोधणं, मालकाची मनधरणी, गाड्या लावायची जागा, सगळं आयोजक बघतो. पण नवख्याला खरा लाभ होतो तो शेजाऱ्यांचा. माझ्या पहिल्याच रविवारी एक हिरवट चकती बटण समजून मी अंगठ्याने खसाखसा चोळायला लागलो, तर शेजारचे आजोबा जवळजवळ ओरडलेच. चोळली की मातीबरोबर वरचा थरही निघतो आणि चेहरा गेला तो गेलाच. त्यांनी ती उन्हात तिरकी धरली. रोमन, चौथ्या शतकातलं ब्राँझचं नाणं. बाजारात त्याला चहाचे पैसेही आले नसते, पण मी ते रात्री उशाशी घेऊन झोपलो. क्लबच्या बैठकीला जिल्ह्याचा फाइंड्स लायझन ऑफिसरही येतो. सापडलेल्या वस्तू नोंदवायच्या त्याच्याकडे. १९९७पासून चालू असलेल्या या नोंदणीच्या योजनेत, पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये, १५ लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झालेली आहे. हे सगळं आपोआप मिळतं. एकट्याने सुरुवात करणारा यातलं निम्मं चुका करत शिकतो.

माझं मन क्लबवरून उडालं ते एका कारणाने, आणि ते ऐकायला क्षुल्लक आहे. तीन वाजता शेत बंद होतं.

सप्टेंबरातला रविवार. लिंकनशरमधलं गहू निघालेलं रान, धसकटं घोट्याला टोचतायत, साठेक माणसं आपापल्या तासात मान खाली घालून चाललेली. सकाळपासून माझ्या पिशवीत फक्त शिसं नि बटणं. पावणेतीनला बारीक पण स्वच्छ आवाज आला. ढेकूळ फोडलं तर आत नखाएवढी चांदीची करंजी. इंग्लंडचा राजा तिसऱ्या हेन्रीच्या पेनीचा अर्धा तुकडा. १२४७पासूनच्या या नाण्यांवर क्रुसाच्या भुजा पार कडेपर्यंत नेलेल्या असत आणि सुट्टे पैसे हवे असले की त्या रेषेवरूनच नाणं कापत. १२७९नंतर छोटी गोल नाणी पाडायला लागले तसं हे कापणं थांबलं. मी तुकडा डबीत ठेवला, दोन पावलं पुढे गेलो, पुन्हा तोच आवाज. या वेळी चतकोर. आणि शिट्टी वाजली.

शिट्टी वाजली की थांबायचं, यात आयोजकाची काही चूक नाही. त्याने मालकाला शब्द दिलेला असतो. काठीला रुमाल बांधून खूण करावी असं मनात आलं, पण खूण करायची ती कुणासाठी?

पुढच्या आठवड्यात लायझन ऑफिसरबाईंनी दोन्ही तुकडे वजन करून, फोटो काढून नोंदवले आणि सहज विचारलं, “तिथे आणखी काही होतं का?” प्रश्न साधा नव्हता. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन नाणी एकाच ठेव्यातली असली, तर १९९६च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे तो ‘ट्रेझर’ होतो आणि चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या खिशांतून पडलेली असली, तर नाही. याचं उत्तर आजूबाजूच्या वीस पावलांत होतं. ऑक्टोबरात तिथे पेरणी झाली, पुढल्या वर्षी ते रान क्लबला मिळालंच नाही. ती नोंद ‘दोन सुटे तुकडे’ म्हणून पडून आहे.

तेव्हापासून मला क्लबचा रविवार रोजंदारीसारखा वाटायला लागला. परमिशन म्हणजे अर्धेली. आपल्याकडे रान अर्धेलीने देतात ना, अगदी तसंच. मेहनत तुमची, जमीन त्याची, जे निघेल ते निम्मं-निम्मं.

अर्धेली मिळवणं मात्र सोपं नाही. सात दारांतून मी परत आलो. एका बाईंनी चहा दिला, नकार दिला आणि जाताना अंडीही दिली. आठव्या ठिकाणी म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, की ट्रॉलीची पिन गवतात पडलीय, शोधून देशील का? दोन संध्याकाळी लागल्या. पिन सापडली आणि मला नव्वद एकर मिळालं. याची थोरली आवृत्ती हॉक्सनची. १९९२मध्ये सफोकमधल्या त्या गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, तो शोधायला एरिक लॉज डिटेक्टर घेऊन गेले आणि हाती लागला हजारो रोमन नाण्यांचा ठेवा. त्यांनी सगळं उकरून न काढता वेळेत कळवलं, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना तो जागच्या जागी बघता आला. हातोडाही शेवटी ब्रिटिश म्युझियममध्ये गेला! माझ्या नशिबी पिनच होती.

पहिला हिवाळा रडवणारा होता. बटणं, बंदुकीच्या गोळ्या, काडतुसांच्या टोप्या. सोबतीला कुणी नाही. पाऊस आला की झुडपाखाली उभं राहून चपातीची सुरळी नि शेंगाचटणी खायची. पेरणी झाली की कितीतरी महिने गेट बंद. विमा स्वतः काढायचा, करार कागदावर करायचा, खड्डा बुजवताना गवताचा तुकडा होता तसा बसवायचा. एवढं सोसायची तयारी नसेल, तर क्लबच बरा.

पण आता म्हातारा स्वतःहून सांगतो, की खालच्या तुकड्यात शहरातल्या कचऱ्याचं खत टाकलंय, तिकडे जाऊ नकोस. त्या खतात डब्यांचे इतके बारीक तुकडे असतात की कानात नुसती फुटाण्यांची भट्टी. क्लबमध्ये असताना वीस पौंड आणि दीड तासाचा प्रवास खर्चून मी ती एकदा पूर्ण दिवस ऐकली होती. शिवाय आज शंका आली तर उद्या जाता येतं. नांगरट झाली की तेच रान नव्याने बघता येतं. पैशाचं म्हणाल, तर दोन्हीकडे सारखंच. पेट्रोल सुटलं तरी पुष्कळ.

दाजींचा पुढचा प्रश्न होता, सुट्टीत मशिन साताऱ्याला नेऊ का? लहानपणी पहिल्या पावसानंतर बांधावर शिवराई सापडायची, आजी ती देव्हाऱ्यात ठेवायची. मोह मलाही होतो. पण भारतात गुप्तधनाचा १८७८चा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. मार्च २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च नि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते, तसल्या गर्दीत आपण कशाला? मशिन इथेच राहू द्या म्हटलं.

दाजी वर्षभर क्लबला जाणार आहेत, आणि मीच त्यांना ते सुचवलं. माझ्या भिंतीवर मात्र नव्वद एकरांचा नकाशा आहे. त्यात उत्तरेच्या कुंपणालगत अकरा टिंबं जमलीत, सगळी एका ओळीत. जुनी पायवाट असावी. बाराव्या टिंबाच्या जागी सध्या वीतभर गहू आहे, ऑगस्टात निघेल.