मॅन्युअल, एएमटी की पूर्ण ऑटोमॅटिक? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

कंपनी ठरली, बजेट ठरलं आणि आता सगळं अडलंय ते गिअरवर, अशी घरं सध्या बेळगावात गल्लोगल्ली आहेत. सासरे म्हणतात गिअरचीच घ्या, सून म्हणते ऑटोमॅटिक हवी, आणि शोरूममधला पोरगा मधला मार्ग म्हणून एएमटी पुढे करतो. माझं मत आधीच सांगते. हा निर्णय मायलेजवर घेऊ नका. गाडी रोज कोण चालवणार आणि ती कुठल्या उतारावरून खाली येणार, हे दोन प्रश्न आधी सोडवा. कारण आपल्या भागातून पश्चिमेला कुठंही निघा, घाट चुकत नाही. जांबोटी-कणकुंबीवरून गेलात तर चोर्ला, रामनगरवरून अनमोड, शिनोळी-पाटणे फाट्यावरून आंबोली. कोल्हापूरकडे हायवेनं निघालात तरी वंटमुरीचा आणि निपाणीजवळचा तवंदीचा घाट आहेच.

तिन्ही प्रकारांत आत काय असतं ते थोडक्यात. मॅन्युअल आपल्याला माहीत आहे: तीन पेडल, क्लच दाबायचा, गिअर टाकायचा. एएमटीत गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट तीच मॅन्युअलचीच असते. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम कॉम्प्युटरच्या हुकमावर एक छोटी यंत्रणा करते. आपल्याकडे 2014 साली मारुतीच्या सेलेरिओतून हा प्रकार सर्वसामान्यांच्या गाडीत आला. आज वॅगन आर, स्विफ्ट, पंच अशा कितीतरी गाड्यांत तो मिळतो. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये दोन जाती जास्त दिसतात. ब्रेझामध्ये असतो तो टॉर्क कन्व्हर्टर: इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे जाते, त्यामुळे गाडी उचलताना घासायला क्लचप्लेट नसते. अमेझमध्ये असतो तो सीव्हीटी: दोन पुल्ली आणि एक पट्टा, गिअरच्या पायऱ्याच नाहीत. दोन क्लचवाली डीसीटी महाग असते आणि गर्दीत तापण्याची तक्रार तिच्याबद्दल बरीच ऐकू येते. पहिल्या घरगुती गाडीसाठी मी ती बाजूलाच ठेवीन.

चढावर थांबलेली गाडी

कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर वाहतूक तुंबलीय, पाऊस पडतोय, आणि मागं एक अ‍ॅक्टिव्हा अगदी बंपरला चिकटून उभी आहे. नवशिक्याची खरी परीक्षा इथंच होते. मॅन्युअलमध्ये याचं एक खात्रीचं तंत्र आहे. हँडब्रेक ओढून ठेवा, पहिला गिअर टाका, अ‍ॅक्सिलरेटर थोडा द्या आणि क्लच हळूहळू सोडा. गाडीचं नाक किंचित वर उचललं जातं, इंजिनाचा आवाज जड होतो. म्हणजे क्लच धरलाय. आता हँडब्रेक सोडा. गाडी बोटभरही मागं येत नाही. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण एकदा पडलं की जन्मभर पुरतं.

एएमटीत लोकांची फसगत होते ती इथंच. ऑटोमॅटिक म्हणून घेतली, चढावर ब्रेक सोडला आणि गाडी मागं जायला लागली. शेजारून आई ओरडते, "अगं, गाडी मागं येऊलीय की!" कारण आत क्लचप्लेटच आहे आणि ती धरायला क्षणभर लागतो. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावरही गाडी दोन-तीन सेकंद जागेवर धरली जाते, तेवढ्यात अ‍ॅक्सिलरेटर देता येतो. म्हणून आपल्या भागात हिल होल्ड नसलेली एएमटी घेऊच नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. त्या व्हेरियंटसाठी थोडे जास्त मोजावे लागले तरी मोजा. आणखी एक: एएमटी चढावर अ‍ॅक्सिलरेटरनं तरंगत धरून ठेवू नका. तसं केलं की क्लचप्लेट घासत राहते, तापते, जळका वास येतो. थांबायचं असेल तर ब्रेकच दाबून ठेवायचा.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी इथं सगळ्यात निवांत. डी (ड्राइव्ह, म्हणजे पुढं जायची लिव्हरची जागा) मध्ये ब्रेक सोडला की गाडी स्वतःहून हळू पुढं सरकते, हलक्या चढावरही. मोठ्या चढावर त्यांनाही ब्रेक किंवा हिल होल्ड लागतोच, पण मागं घसरण्याची भीती खूप कमी.

उतार: खरा फरक इथं कळतो

मलप्रभेचा उगम जिथं होतो त्या कणकुंबीपर्यंत रस्ता तसा सरळसाधा. पुढं चोर्ल्याची वळणं सुरू होतात आणि गोव्याच्या बाजूला गाडी सारखी खालीच जात राहते. पाच माणसं, मागं बॅगा, पावसाळ्याचं धुकं. इथं जो माणूस फक्त ब्रेकवर गाडी उतरवतो, त्याचे ब्रेक तापतात. डिस्क आणि पॅड गरम झाले की पकड कमी होते, आणि फार तापलं तर ब्रेक ऑइललाही उकळी फुटू शकते. मग पेडल मऊ लागतं, खोल जातं, आणि गाडी हवी तिथं थांबत नाही. यावर उपाय जुनाच: ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. बहुतेक वेळा दुसरा, सरळ भागात तिसरा. इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं आणि ब्रेक वळणापुरते, मोजके लागतात. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही.

मॅन्युअलची ताकद इथं दिसते. दुसऱ्यात टाकली की ती दुसऱ्यातच राहते.

एएमटी डी मध्ये ठेवून घाट उतरलात तर उलटं होतं. तुम्ही पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढता, कॉम्प्युटरला वाटतं आता जोर नको, आणि बऱ्याच गाड्या वरचा गिअर टाकतात. नेमकं जिथं इंजिननं धरायला हवं तिथं गाडी मोकळी सुटते. म्हणून घाटाच्या तोंडाशीच लिव्हर एम (मॅन्युअल मोड) कडे ढकला आणि दुसरा गिअर स्वतः निवडा. एएमटी घेऊन वर्ष झालं तरी एम कडे लिव्हर कधी नेलाच नाही, अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांना मी कळकळीनं सांगते: चोर्ल्याला जायच्या आधी घराजवळच्या रस्त्यावर ते करून बघा.

सीव्हीटी डी मध्ये इंजिनाची ओढ सगळ्यात कमी देते. तिच्यात लिव्हरवर एल (लो) किंवा एस (स्पोर्ट) असतं, घाटात ते वापरायचं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मॅन्युअल मोड किंवा खालच्या गिअरचं बटण असतं. ओढ बऱ्यापैकी मिळते.

आणि तिन्ही गाड्यांना लागू असलेली एक गोष्ट. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकणं किंवा इंजिन बंद करणं हा जिवाशी खेळ आहे. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी जादा ताकद एक-दोन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. स्टिअरिंगही जड होतं. वाचतही काही नाही; आजच्या गाड्यांत गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनाला पेट्रोल जवळजवळ जातच नाही.

उसाच्या ट्रॉल्या

हंगामात निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणीकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. मागं रिफ्लेक्टर नाही, दिवे नाहीत, ऊस बाजूला लोंबतोय. संध्याकाळी ते दिसतच नाहीत, तेव्हा पहिला बचाव कमी वेग हाच. ओव्हरटेक करताना मात्र गाडीचा प्रकार आडवा येतो. एएमटीत पाय एकदम दाबला की आधी क्षणभर काहीच होत नाही, मग गिअर खाली पडतो, मग गाडी उचलते. 60 च्या वेगाला एका सेकंदात गाडी 16-17 मीटर जाते, हे लक्षात घेतलं तर तो क्षण लहान नाही. एएमटीवाल्यांनी बाहेर पडायच्या आधीच एम मध्ये एक गिअर खाली घ्यावा. मॅन्युअलमध्ये हे आपसूक होतं. टॉर्क कन्व्हर्टर बराच तत्पर. सीव्हीटीत इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो, पण ओढ तुटत नाही.

गावात, आणि घरात कोण चालवणार

गणपतीच्या आधी मारुती गल्ली, गणपत गल्ली, रामदेव गल्लीच्या बाजूला गाडी घालून बघा. मॅन्युअलमध्ये डावा पाय भरून येतो. गुडघेदुखी असलेल्या माणसानं रोज हे करू नये, आणि ज्यांचा जीव क्लचमध्येच गुंततो त्यांचं समोरच्या सायकलवाल्याकडे लक्ष राहत नाही. टिळकवाडी, शहापूर, अनगोळकडच्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं गिअर नसलेली स्कूटर चालवतात. रस्त्याची, गर्दीची त्यांना उत्तम जाण आहे. अडतं ते फक्त क्लच-गिअरवर. त्यांच्यासाठी ऑटोमॅटिक हा लाड नाही. परवाना दोन्हींना एलएमव्हीचाच, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचा. तरी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मॅन्युअल शिकूनच घ्या, कारण अडीअडचणीला भावाची गाडी चालवायची वेळ येते.

ऑटोमॅटिकचा एक धोका मात्र खरा आहे, आणि मॅन्युअलवर आयुष्य काढलेल्या वडीलधाऱ्यांना तो जास्त. गोंधळात ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो. मॅन्युअलमध्ये क्लच दाबला की गाडीची ताकद तुटते, इथं ती तुटत नाही. उलटही होतं: सवयीनं डावा पाय क्लच शोधत जातो, रुंद ब्रेक पेडलवर जोरात पडतो आणि गाडी गचकन थांबते. म्हणून डावा पाय कडेच्या फूटरेस्टवर ठेवायचा आणि तिथून हलवायचा नाही. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीला टेकवायची. तीच टाच न उचलता पंजा फिरवून अ‍ॅक्सिलरेटरकडे न्यायचा. पार्किंगमध्ये गाडी सरकत असेल तर पंजा ब्रेकवरच राहू द्या. बाबांना गाडी हातात द्यायच्या आधी मोकळ्या मैदानात हे पुन्हा पुन्हा करून घ्या.

खर्च, आणि बंद पडली तर

मॅन्युअलपेक्षा एएमटी साधारण 50 हजारांच्या आसपास महाग पडते. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी लाखाच्या पुढं जाऊ शकते. मायलेज एएमटीचं मॅन्युअलच्या बरोबरीनं, टॉर्क कन्व्हर्टरचं थोडं कमी. बॅटरी उतरली तर मॅन्युअल चार जणांनी ढकलून सुरू करता येते, बाकीच्या नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली सुरू करायची जंपर केबल गाडीत ठेवाच. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी बंद पडली तर दोरी बांधून ओढत नेऊ नका, ती उचलून न्यावी लागते. नंदगड-लोंढ्याकडे घर असेल तर हे आधीच जमेला धरा. मॅन्युअलचा क्लच कुठलाही अनुभवी मेस्त्री बदलतो. एएमटीची यंत्रणा बिघडली तर कंपनीचंच वर्कशॉप गाठावं लागतं.

पार्क करतानाही फरक आहे. एएमटीत बहुधा पी, म्हणजे चाकं अडकवून ठेवणारी पार्किंगची जागा, नसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा, मॅन्युअलसारखंच. न्यूट्रलमध्ये ठेवून उतरलात आणि हँडब्रेक सैल असेल तर गाडी निघाली.

सेकंडहँड बघत असाल तर गिअरच्याही आधी गाडीचं साल बघा. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीचं झालं ते एप्रिल 2019 पासून, ड्रायव्हरची एअरबॅग आणि सीटबेल्टचा बझर जुलै 2019 पासून. एबीएस लागतं तेव्हा पेडल पायाखाली थरथरतं. घाबरून पाय काढू नका, दाबून ठेवा आणि गाडी मोकळ्या बाजूला वळवा. व्हेरियंट निवडताना मोठ्या स्क्रीनपेक्षा वर-खाली होणाऱ्या सीटला पैसे द्या, कारण एका घरात सहा फुटी मुलगा आणि पाच फुटी आई एकच गाडी चालवतात. प्रत्येकानं बसल्यावर सीट आणि आरसे आपल्यापुरते लावायचेच. गुडघा किंचित वाकलेला असताना पेडल पूर्ण दाबलं गेलं पाहिजे.

घरात एकच मुरलेला ड्रायव्हर, घर खानापूर-जांबोटीच्या बाजूला, महिन्यातून गोव्याची फेरी: मॅन्युअल घ्या. बेळगाव शहरात राहता, तिघं-चौघं चालवणार, त्यात स्कूटरवरून येणारं किंवा गुडघ्यानं अडलेलं कुणी असेल आणि पैसे जमत असतील, तर टॉर्क कन्व्हर्टर. सीव्हीटीही चालेल, घाटात एल-एस वापरणार असाल तर. पैसे कमी पडत असतील तर हिल होल्डवाली एएमटी, पण एम मोड शिकण्याची तयारी ठेवूनच.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर उरकू देऊ नका. घरातली सगळी माणसं बसवा, एसी लावा आणि उड्डाणपुलाच्या चढावर मधेच थांबून गाडी उचला. उतरताना खालचा गिअर घ्या आणि पाय काढून गाडी किती धरते ते बघा. एसीचा झोत काचेवर वळवून काच किती लवकर स्वच्छ होते तेही पाहून घ्या, पावसाळ्यात कणकुंबीला त्याच बटणावर भिस्त असते. आणि गाडी पुढं जी व्यक्ती सगळ्यात जास्त चालवणार आहे, चावी तिच्या हातात द्या. मुलगा हौशीनं चालवून आला म्हणून बुकिंगची पावती फाडू नका.