रिकाम्या फ्लॅटची किल्ली एजंटाला देताय?

आई गेल्यावर डोंबिवली पूर्वेचा तिचा फ्लॅट बंदच होता. मी पुण्यात, दादा बंगळुरात. ओळखीतून एक एजंट मिळाला. किल्ली त्याच्याकडेच राहिली.

आधी घर 'दाखवण्याजोगं' करायचं निघालं. त्याच्याच माणसाने सव्वा लाख घेतले, फोटो झकास पाठवले. बाथरूमची गळती तशीच ठेवून ओल्या भिंतीवर पुट्टी आणि डिस्टेंपर मारला होता. पावसाळ्यात पोपडे सुटले, आणि तेच पोपडे दाखवून हा बाबा आम्हाला भाव उतरवा म्हणू लागला!

मग रेडी रेकनरचा कागद पुढे केला. "ताई, सरकारी भावच एवढा आहे." रेकनर मुद्रांक शुल्क ठरवायला असतो; तुमचं घर त्याच भावाने विका असं तो सांगत नाही. खरी मेख पुढे होती. आमच्या इमारतीत फुटाला ८,००० चालतात हे त्याने मान्य केलं, पण तो दर बिल्टअपचा, म्हणजे भिंतींसकट मोजलेल्या क्षेत्राचा. करारनाम्यात बिल्टअप ६४० फूट आहे. याने गुणलं ५२० फूट कार्पेटला, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेला. ५१ लाख २० हजारांचे झाले ४१ लाख ६० हजार. त्याने आणलेली दोन्ही गिऱ्हाइकं ४२ च्या पुढे सरकेनात. त्यांनी धड खिडकीसुद्धा उघडून पाहिली नाही, असं शेजारच्या काकू म्हणाल्या.

विसार पावतीचा मसुदा आला तो दादाने वकिलांना दाखवला. बयाणा ५१ हजार, मुदत सहा महिने, आणि खरेदीदाराच्या नावापुढे 'किंवा ते सांगतील ती व्यक्ती'. म्हणजे सहा महिने आम्ही ४२ लाखांना बांधलेले, एजंट खरं गिऱ्हाईक शोधणार, खरेदीखत आम्ही परस्पर त्या गिऱ्हाइकालाच करून द्यायचं आणि मधला फरक एजंटाच्या खिशात. त्याच आठवड्यात काकूंनी त्याला आमच्याच हॉलमध्ये एका जोडप्याला ५२ लाख सांगताना ऐकलं.

ते शब्द काढा म्हटल्यावर फोन उचलणं बंद झालं. कुलूप बदललं. रंगाचे पैसे बुडाले. पावती नाही, आणि जुनी इमारत महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) नोंदलेली नसल्याने तिथे तक्रार करायची वाटही नव्हती.

भाव ठरवायचाच असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आपल्याच इमारतीच्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स-२, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, काढा. मोबदला, क्षेत्रफळ, तारीख सगळं असतं. क्षेत्रफळ कार्पेट की बिल्टअप तेवढं नीट वाचा. रोखीचा भाग त्यात दिसत नाही, हेही धरून चाला.

आता गळती काढून घेतली आहे, किल्ली काकूंकडे आहे, जाहिरात आम्हीच टाकली. लगेच एक 'लष्करी अधिकारी' उगवला: घर न पाहताच टोकन पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणे. पैसे घ्यायला पिन कशाला लागतो, असं विचारल्यावर त्याने फोन ठेवला.